ठाण्यात उघड्या छताची गाडी: ९११ की एसएल?

पोर्शे ९११ कॅरेरा एस कॅब्रिओले आणि मर्सिडीज-एएमजी एसएल ५५ या दोन्ही गाड्या चार सेकंदांच्या आत शंभरचा वेग गाठतात, तेव्हा कोण जास्त पळते हा वाद सोडा. अटल सेतूवरही मर्यादा ताशी १०० किमीचीच आहे. ठाण्यात निवड ठरते ती पार्किंगमध्ये.

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये स्टॅक पार्किंग (गाड्या एकावर एक ठेवणारं यांत्रिक पार्किंग) मिळालं असेल, तर बुकिंगआधी त्यावरची वजनाची पाटी वाचा आणि पॅलेटची, म्हणजे गाडी ज्यावर उभी राहते त्या फळीची, रुंदी टेपने मोजा. चालक आणि इंधन धरून एसएल १९५० किलोच्या आसपास जाते, रुंदी आरसे सोडून १९१५ मिमी. ९११ साधारण पाव टनाने हलकी आणि १८५२ मिमी रुंद. पॅलेटची मर्यादा दोन टनांच्या खाली असेल तर एसएलचा विचार तिथेच थांबवा.

खड्ड्यांत मात्र पारडं फिरतं. ९११ चे पुढचे टायर २४५/३५, २० इंची; मागचे ३०५/३०, २१ इंची. पहिला आकडा टायरची रुंदी मिमीमध्ये, दुसरा बाजूची उंची त्या रुंदीच्या टक्क्यांत. म्हणजे रिम आणि रस्ता यांत पुढे जेमतेम ८६ मिमी रबर. एसएलला २० इंची चाकं घेतली तर पुढे १०६ मिमी मिळतं. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण खड्ड्याच्या धारदार कडेवर टायरच्या बाजूला फुगा येतो तो याच कमी उंचीमुळे. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. त्यामुळे विम्यात टायर कव्हर घ्याच.

पुढचा भाग उचलणारी लिफ्ट दोन्हींत मिळते: ९११ मध्ये ४० मिमी, एसएलमध्ये ३० मिमी. सोसायटीचे गतिरोधक पाहता ती ऑर्डर देतानाच टाका, नंतर बसवणं खर्चाचं आणि कटकटीचं.

छत दोन्हींचं कापडी. ९११ चं बारा सेकंदांत, ताशी ५० पर्यंत चालत्या गाडीत मिटतं. एसएलचं सोळाएक सेकंदांत, ६० पर्यंत. पाम बीच रोडवर अचानक सर आली की वेगातला हा ताशी दहा किमीचा फरक उपयोगी पडतो. एसएलची डिकी छत उघडल्यावर २४० वरून २१३ लिटरवर येते. ९११ ची पुढची १३५ लिटरची जागा तेवढीच राहते, पण मुळात लहानच.

रोज स्वतः चालवणार आणि पार्किंग स्टिल्टखाली (इमारतीच्या खांबांमधल्या मोकळ्या तळमजल्यावर) असेल, तर एसएल. स्टॅक पार्किंग आणि रविवारची पहाट एवढाच वापर असेल, तर ९११.

कोणतीही घ्या, ओलं छत दुमडून ठेवू नका, बुरशी धरते. जूनआधी छताच्या निचऱ्याच्या नळ्यांतला पाचोळा काढून घ्या. त्या तुंबल्या की पाणी आत शिरतं आणि ओल आधी कार्पेटखाली साचते, वरून दिसत नाही.