वाऱ्यासारखं पळायचं की चांदणीचा नेम धरायचा: अ‍ॅडव्हेंचर आयलंड आणि गिमिक

चवथीला मूळ घरी माळ्यावरून जुना टीव्ही गेम खाली उतरतो, तेव्हा मारिओच्या खालोखाल हटकून निघणारा खेळ म्हणजे अ‍ॅडव्हेंचर आयलंड. पांढरी टोपी, कमरेला पानं आणि हातात दगडी कुऱ्हाडी घेऊन सुटलेला गडी. नाव आठवलं नाही तरी चेहरा सगळ्यांना आठवतो. गिमिक मात्र आपल्याकडे जवळपास कुणी पाहिलेला नाही. पावसाळ्यातल्या संध्याकाळींसाठी असा एकच जुना उड्यांचा खेळ निवडायचा असेल, तर घरात चार पोरं असल्यास अ‍ॅडव्हेंचर आयलंड आणि एकट्याने महिनाभर डोकं घालायचं असल्यास गिमिक. पण हा निवाडा वाटतो तितका सरळ नाही, कारण कोणता खेळ कुठल्या यंत्रावर खेळता यावर निम्मं अवलंबून आहे.

अ‍ॅडव्हेंचर आयलंड हडसन सॉफ्टने १९८६ साली जपानमध्ये निन्टेंडोच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावर आणला. मूळ खेळ सेगाच्या आर्केड यंत्रावरचा वंडर बॉय. हडसनला खेळाचे हक्क मिळाले, पण त्यातल्या नायकाचे मिळाले नाहीत. मग त्यांनी सेकंदाला सोळा वेळा बटण दाबण्यासाठी जपानभर गाजलेल्या आपल्याच प्रचारकाला, ताकाहाशी मेइजिनला, नायक केलं. बाहेरच्या देशांत तोच मास्टर हिगिन्स झाला.

यात शत्रूपेक्षा वेळ जास्त छळतो. वरची ताकदीची पट्टी उभ्या उभ्या कमी होत राहते आणि ती भरायला हवेत लटकलेली फळं पकडावी लागतात. गोव्यातल्या माणसाला ते माटोळी, म्हणजे चवथीला गणपतीवर टांगतात तशी फळं बांधलेल्या वाटेखालून धावल्यासारखं वाटेल. दूध मिळालं की पट्टी पूर्ण भरते. वाटेत सापडणाऱ्या अंड्यातून वांगं निघालं की ते काही वेळ मागे लागून पट्टी भराभर उतरवतं. (आगशीची वांगी खाऊन वाढलेल्यांनी हा अपमान गिळावा.) दगडाला ठेचकाळलं तर थोडी ताकद जाते, जीव जात नाही. शेकोटी, साप किंवा गोगलगाय लागली की मात्र जीव गेलाच. स्केटबोर्ड मिळाल्यास एक धडक माफ होते, पण त्यावर थांबता येत नाही, फक्त वेग कमी-जास्त करता येतो. नवखे बहुतेक इथेच खड्ड्यात जातात.

आठ भाग, प्रत्येकी चार फेऱ्या, म्हणजे एकूण ३२. मेलात की फेरीतल्या शेवटच्या ओलांडलेल्या पाटीपासून पुन्हा सुरुवात होते, पण कुऱ्हाड गेलेली असते. खेळाची खरी खोट ही आहे. सहाव्या-सातव्या भागात हात रिकामा झाला की कुऱ्हाड असलेलं पुढचं अंडं सापडेपर्यंत नुसत्या उड्यांवर निभवायचं, आणि तिथे उड्यांना जागाच नसते. म्हणून उत्तरार्धात फळांसाठी धोका पत्करण्यापेक्षा शस्त्र सांभाळा. पासवर्ड किंवा सेव्ह अशी सोय मूळ खेळात नाही. ३२ फेऱ्या एका बैठकीत काढायच्या आणि ऐन एकतिसावीत लाईट गेली तर पुन्हा पहिलीपासून.

गिमिक सनसॉफ्टचा, ३१ जानेवारी १९९२ चा. पुढच्या पिढीचा सुपर फॅमिकॉम १९९० च्या नोव्हेंबरातच बाजारात आला होता, त्यामुळे जुन्या यंत्रावरच्या नव्या खेळाकडे बघायला फारसं कुणी उरलं नव्हतं. युरोपात तो मिस्टर गिमिक नावाने पोचला, तोही फक्त उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियात. दिसायला बाळबोध: हिरवा, शिंग असलेला युमेतारो नावाचा ठेंगू, एका मुलीला वाढदिवसाची भेट म्हणून आलेला. बाकीची खेळणी चिडून त्या मुलीला पळवतात आणि हा तिला शोधायला निघतो. पोरांचा खेळ म्हणून हातात घ्याल आणि तासाभरात घाम पुसाल.

सगळी गंमत चांदणीत आहे. बी बटण दाबून धरलं की डोक्यावर चांदणी फिरू लागते. ती पूर्ण तयार होऊ द्यायची आणि मग बटण सोडायचं. चांदणी सरळ जात नाही. जमिनीवर टप्पे घेत, उतारावर वेग घेत आणि भिंतीला आपटून परत येत जाते. कॅरमचा स्ट्रायकर कडेला मारून सोंगटी काढणाऱ्याला हा हिशेब लवकर कळतो. एका वेळी एकच चांदणी, म्हणून नेम चुकला की ती विरेपर्यंत हात बांधलेले. शिवाय शत्रूच्या डोक्यावर उडी मारून तो मरत नाही. मारिओची सवय असलेले पहिले चार जीव इथेच घालवतात.

पुढची पायरी म्हणजे चांदणीवर स्वार होणं. भिंतीकडे तोंड करून चांदणी सोडा, परत येणाऱ्या टप्प्याची उंची बघा, आणि ती खाली येत असताना वरून तिच्यावर उतरा. लवकर उडी मारली तर चांदणी पायाखालून निघून जाते, उशीर केला तर तीच अंगावरून जाते. अर्धा तास पहिल्याच टप्प्यात हा सराव करावा, कारण सहा टप्प्यांत दडवलेली प्रत्येकी एक वस्तू काढायला तो लागतो. सहाही वस्तू एकदाही कंटिन्यू (जीव संपल्यावर खेळ पुढे चालू ठेवण्याची सोय) न वापरता मिळवल्या तरच शेवटचा गुप्त टप्पा आणि खरा शेवट दिसतो. नाहीतर खेळ संपतो, पण अर्धवट.

संगीताच्या बाबतीत तुलनाच नाही. फॅमिकॉमच्या स्वतःच्या पाच आवाजांवर सनसॉफ्टने कॅसेटमध्येच आणखी तीन आवाजांची चिप घातली. संगीतकार मासाशी कागेयामाने त्यावर जे रचलं आहे, त्यासाठी टीव्हीचा स्पीकर सोडून चांगले हेडफोन लावावेत. युरोपीय आवृत्तीत ही जादा चिप नाही, म्हणून स्वस्तात ती मिळत असली तरी नको.

आता यंत्राचं. जुना क्लोन, म्हणजे फॅमिकॉमची नक्कल असलेला टीव्ही गेम, घरात असेल तर अ‍ॅडव्हेंचर आयलंड फुकटातच आहे, फक्त कॅसेट चालायला हवी. खाऱ्या, दमट हवेने तिच्या तांब्याच्या पट्ट्या हिरवट होतात. फुंकर मारू नका, थुंकीतल्या ओलीने गंज वाढतो. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कानाच्या काडीवर घेऊन काडी काळी निघायची थांबेपर्यंत पुसा, दहा मिनिटं वाळू द्या आणि जून ते सप्टेंबर सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट डब्यात ठेवा. क्लोनच्या पॅडवरचं टर्बो बटण दोन्ही खेळांत नडतं. ते बी बटण सारखं दाबतं आणि सोडतं. त्यामुळे गिमिकमध्ये चांदणी तयारच होत नाही आणि अ‍ॅडव्हेंचर आयलंडमध्ये धाव तुटते, कारण पळायलाही बी धरूनच ठेवायचं असतं.

अनेक क्लोन ५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५० चित्रांवर (फ्रेमवर) चालतात आणि मूळ खेळ ६० वर बेतलेला आहे. म्हणजे लहानपणी खेळलेला अ‍ॅडव्हेंचर आयलंड एक षष्ठांश संथ होता. आज तोच खेळ पूर्ण वेगात समोर आला की 'हात बसले' म्हणून उगाच वाईट वाटून घेऊ नका.

गिमिकची जपानी कॅसेट आणि खरा फॅमिकॉम मागवण्याच्या भानगडीत पडू नये. कॅसेट संग्राहकांच्या भावाने जाते, यंत्राचा अडॅप्टर १०० व्होल्टचा असतो आणि आपल्या २३० च्या प्लगमध्ये घातला की जळतो, वर त्याचा सिग्नल जपानी टीव्ही चॅनेलवर येतो. त्यापेक्षा २०२३ ची गिमिक स्पेशल एडिशन घ्या. ती स्टीम, स्विच, पीएस४ आणि एक्सबॉक्सवर आहे, साध्या लॅपटॉपवर चालते, कुठेही सेव्ह करता येतं आणि चूक झाली तर खेळ मागेही नेता येतो. लाईट कधी जाईल याचा नेम नसलेल्या गोव्यात ही सेव्हची सोय क्षुल्लक नव्हे. मागे नेण्याची सोय मात्र फक्त सरावाला वापरा, नाहीतर चांदणीचा हिशेब कधीच हातात बसत नाही. मोठ्या टीव्हीला जोडणार असाल तर आधी टीव्हीच्या सेटिंगमधला गेम मोड चालू करा. चित्र सुधारण्याच्या नादात टीव्हीने शंभर मिलीसेकंद उशीर केला, तर तो सहा फ्रेमचा उशीर होतो. अ‍ॅडव्हेंचर आयलंडमध्ये तो चालवून घेता येतो, चांदणीवर उतरताना नाही.

क्लोन नसलेल्यांनी अ‍ॅडव्हेंचर आयलंडऐवजी २०२२ च्या वंडर बॉय कलेक्शनमधला मूळ वंडर बॉय बघावा. धाव, फळं, स्केटबोर्ड सगळं तेच, नायक तेवढा वेगळा.

क्लोनवरच बसणार असाल तर एक गोष्ट आधी करून ठेवा. पहिल्या भागाच्या पहिल्या फेरीत, शेवटच्या पाटीच्या जरा अलीकडे एक अंडं लपलेलं आहे. त्यातून हडसनची मधमाशी निघते. ती घेतलेली असेल तर सगळे जीव संपल्यावर शीर्षकाच्या पडद्यावर उजवी दिशा दाबून धरा आणि स्टार्ट मारा, खेळ पुढे चालू राहतो. पॅड आळीपाळीने फिरत असेल तेव्हा ती कुणी घ्यायची हे फेरी सुरू होण्याआधीच ठरवा, नाहीतर तिथेच भांडण.