बुलेटवरची हाताने ठोकलेली टाकी: एक पावसाळा काढल्यानंतर

टाकीला तडा गेला, म्हणून हे आत्ताच लिहितोय. भुईबावडा घाट चढून गगनबावड्यात आलो आणि पेट्रोलचा वास यायला लागला. गाडी बाजूला घेऊन टाकीखालून बोट फिरवलं, तर टाकी चेसीला धरणाऱ्या डावीकडच्या पुढच्या ब्रॅकेटपाशी ओल. वेल्ड जिथं संपतो नेमक्या त्याच टोकाला नखभर लांबीची चीर, आणि तिच्याखाली तापलेलं सिलिंडर हेड. पेट्रोलचा कॉक बंद करून काही होणार नव्हतं, गळती कॉकच्या वरची. चिरेच्या खाली पातळी येईल एवढं पेट्रोल बाटलीत काढलं, चिरेवर अंगाचा साबण दाबून भरला आणि हळूहळू कोल्हापूर गाठलं.

गाडी 1973 ची बुलेट 350, कास्ट आयर्न इंजिनची. इंजिनबद्दल वेगळं सांगायला नको, उजव्या पायात गिअर आणि पॉइंट्सवाली (ठिणगीची वेळ साधणारे जुन्या पद्धतीचे संपर्क असलेली) गाडी ज्यांनी चालवली त्यांना सगळं ठाऊक आहे. इंजिन मूळचंच ठेवलंय, फक्त 6 व्होल्टची वायरिंग काढून 12 ची केली. नवीन आहे ते अंगावरचं: टाकी, दोन्ही मडगार्ड, दोन्ही साइड पॅनेल. सगळं ॲल्युमिनियमचं, हाताने ठोकलेलं, रंग न देता पॉलिश केलेलं. काम एका गॅरेजनं घेतलं, त्याचं नाव इथं लिहीत नाही. पत्रा मात्र ठोकला कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी. ते काम चालू असताना मी शक्य तितक्या वेळा तिथं जाऊन बसलो, म्हणून आतलं थोडं सांगू शकतो.

पत्रा 16 गेजचा, म्हणजे साधारण 1.6 मिलीचा. तळाला 14 गेज, 2 मिली. पोलादाची घनता 7.85 आणि ॲल्युमिनियमची 2.7, त्यामुळे 2 मिलीचा हा पत्रा वजनाला 0.7 मिली लोखंडी पत्र्याएवढाच भरतो. गॅरेजवाल्यानं भंगारातून 6061 चा, म्हणजे कडक जातीच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा पत्रा आणून दिला होता, स्वस्त पडतो म्हणून. मिस्त्रींनी कोपरा वाकवून बघितला आणि बाजूला टाकला. तो कडक असतो, खोल आकाराला तडकतो. त्यांनी मऊ पत्राच मागवून घेतला. दर जास्त पडला तरी तो पैसा वाजवी होता.

ॲल्युमिनियम ठोकताना मुख्य पंचाईत अशी, की लोखंड तापून लाल होतं तसं ते होत नाही. 660 अंशांना ते वितळतं, आणि वितळेपर्यंत रंगानं काही सांगत नाही. मिस्त्री आधी ऑक्सिजन बंद ठेवून नुसत्या ॲसिटिलीनच्या ज्योतीनं पत्र्यावर काजळी धरवतात. मग ऑक्सिजन सोडून ज्योत फिरवतात. काजळी जळून गेली की थांबायचं, पत्रा तेवढ्यात मऊ पडलेला असतो. मग वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीनं खोलगट करत आणायचा. ठोके बसतील तसा पत्रा पुन्हा कडक होतो, आवाज बदलतो, की परत काजळी, परत ज्योत. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम, म्हणजे हातोडीनं ठोकून आकार देणं, चालतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. ठोका तोच, कडक होणंही तेच. फक्त तिथं ठोक्यांच्या खुणा मुद्दाम राखतात, इथं त्या एकेक करून मिटवायच्या असतात.

टाकीचे भाग पाच: दोन बाजू, वरचा पट्टा, तळ, आणि चेसीचा पाइप बसतो तो पन्हळ. बाहेरचे सांधे त्यांनी गॅसनंच जोडले, आर्गननं (आर्गन वायूच्या आवरणाखालच्या विजेच्या वेल्डिंगनं) नाही. मी कारण विचारलं. गॅसचा सांधा मऊ राहतो, तो ऐरणीवर घेऊन मठारता येतो. आर्गनची रेघ कडक, तिच्यावर जास्त ठोकलं तर कडेनं फुटते. आज उन्हात टाकी कुठल्याही बाजूनं बघा, सांधा कुठं आहे ते सापडत नाही. पॉलिश केलेल्या पत्र्यात पुट्टी लपवायला जागाच नसते, त्यामुळे हे कौशल्य उघड्यावर आहे आणि शंभर टक्के खरं आहे. गुडघे बसतात त्या खोबणी माझ्या मापाच्या आहेत. कोल्हापूर ते रत्नागिरी एका दमात गेलो तरी मांड्या अवघडत नाहीत. मूळ टाकीवर अवघडायच्या.

मडगार्डबद्दल माझं मत मधल्या काळात बदललं. सुरुवातीला मी सगळ्यांना सांगत होतो, की मडगार्डवर पैसे घालू नका, लोखंडी राहू द्यात. पावसाळ्यानंतर ते मागे घेतो. पुढच्या मडगार्डची बाजू मिस्त्रींनी मुद्दाम खाली उतरवली आणि तिची कड तार घालून वळवली. आंबा घाटात लाल चिखलाचं पाणी रस्त्यावरून वाहत असतानाही इंजिनवर शिंतोडा कमी आला. पॉइंट्सच्या झाकणात आधी दर पावसाळ्यात पाणी जायचं, यंदा गेलं नाही. तार घातलेल्या कडेमुळे मडगार्ड थरथरत नाही. माझ्या लेखी ठोकलेल्या कामातली सगळ्यात उपयोगी वस्तू हे पुढचं मडगार्डच आहे, आणि त्याबद्दल मी मिस्त्रींचा ऋणी आहे.

दुसरं मत उलट दिशेनं बदललं. ॲल्युमिनियम गंजत नाही, म्हणून आतून बघायचं कामच नाही, असं गॅरेजनं छातीठोक सांगितलं होतं. थोड्याच दिवसांत कार्ब्युरेटरच्या वाटीत पांढरी भुकटी सापडायला लागली. ती गॅस वेल्डिंगच्या फ्लक्सची, म्हणजे सांध्याला लावतात त्या रसायनाची करणी. फ्लक्स आत राहिला आणि ओल मिळाली की ॲल्युमिनियम खायला लागतो. टाकी देण्याआधी आतून उकळत्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवायची असते, आणि ते काम गॅरेजच्या वाट्याचं होतं. मी ती उतरवून, गरम पाणी भरून-हलवून धुतली, उन्हात वाळवली, कॉक आणि कार्ब्युरेटरच्या मधल्या नळीत एक पारदर्शक फिल्टर बसवला. भुकटी थांबली. ज्यांनी अशी टाकी करून घेतली असेल त्यांनी पेट्रोल भरण्याआधीच हे करा.

आता तड्याकडे येतो, कारण सगळा राग तिथं आहे.

टाकीची चादर फुटली नाही, एकही सांधा फुटला नाही. फुटलं ते ब्रॅकेटचं टोक, आणि ब्रॅकेट मिस्त्रींचं नव्हतं. गॅरेजनं वेळ वाचवायला चार ब्रॅकेट आर्गननं टाकीला चिकटवून घेतले आणि टाकी चेसीला थेट बोल्टनं आवळली, मध्ये नावापुरता रबराचा वॉशर. बुलेटच्या चेसीला इंजिनखाली पाळणा नसतो, इंजिनच तिचा खालचा दुवा आहे. 90 मिलीच्या स्ट्रोकचा एकच पिस्टन जेवढा हादरा देतो तो सगळा चेसीत उतरतो आणि ब्रॅकेटमधून पत्र्यात. पोलाद ठरावीक मर्यादेच्या खालचे हादरे कायम सोसू शकतं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही, हादरा छोटा असला तरी तो साठत जातो आणि शेवटी चीर पडते. ती पडते कुठं? जिथं जाड ब्रॅकेट संपून पातळ पत्रा सुरू होतो आणि वेल्डच्या उष्णतेनं तो पत्रा मऊ झालेला असतो, बरोबर तिथं. त्यात सातारा-कोल्हापूर हायवेवर रुंदीकरणाचे वळणरस्ते. हा तडा जाणारच होता.

गॅरेजला फोन केला तर उत्तर आलं, "सर, तुम्ही गाडी रॅश चालवताय, हँडमेडला गॅरंटी नसते." मी साठ-पासष्टच्या वर जात नाही. मग तोडगा असा, की वरून आर्गन मारू, आतून सीलंट (गळती बुजवणारा लेप) ओतू, 9,500 रुपये. मी साफ नकार दिला. आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि जुन्या धाटणीची बरीच इपॉक्सी सीलंट इथेनॉलनं मऊ पडून सुटतात, सुटलेला पापुद्रा कॉकमध्ये जातो. शिवाय एकदा आत सीलंट गेलं की पुढच्या वेळी तिथं वेल्ड करणं जवळजवळ अशक्य, सीलंट जळून वेल्डमध्ये शिरतं. म्हणजे 62,000 रुपयांच्या कामातली सगळ्यात देखणी वस्तू मी 9,500 देऊन कायमची बाद करून घ्यायची.

थेट मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी टाकी उलटी केली, चीर बघितली आणि म्हणाले, "आवो, टाकी जराशी हलाया पायजे. अशी आवळली की फाटतीयाच." त्यांनी आधी टाकी गरम पाणी आणि धुण्याच्या पावडरीनं धुतली, रात्रभर उघडी ठेवली, आणि वेल्डिंगच्या वेळी चिरेच्या जेमतेम खालपर्यंत पाण्यानं भरली, म्हणजे आत वाफेला जागाच नको. चारही ब्रॅकेट कापून काढले. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढं धावणार नाही, आणि वरून मऊ पत्र्याचा गोलसर डाग देऊन मठारला.

आणि मग टाकी बांधली पट्ट्यानं. ब्रिटिश रेसिंग गाड्यांवर, नॉर्टन मँक्सवर, टाकी अशीच पट्ट्यानं धरलेली असायची. पन्हळीत पुढे-मागे दोन रबरी गाद्या, त्यांच्यावर टाकी नुसती बसते, आणि वरून आडवा स्टीलचा पट्टा, आतून चामडं लावलेला, एका बाजूला बिजागरी आणि दुसऱ्या बाजूला स्प्रिंगवाला बोल्ट. टाकीच्या पत्र्याला कुठंही जोड नाही. रबराबद्दल मी हट्ट धरला: ट्यूबचं नको, कन्व्हेअर बेल्टच्या तुकड्याचं नको. साधं रबर पेट्रोल लागलं की फुगतं आणि गादीची उंची बदलते. नायट्राइलची, म्हणजे पेट्रोल सोसणाऱ्या रबराची शीट 6 मिलीची आणली, दोन थर. पट्टा किती आवळायचा? दोन्ही हातांनी टाकी धरून हलवली तर किंचित हलावी, पण वाजू नये. पट्ट्यासकट सगळ्याचे मिस्त्रींनी 2,200 घेतले. मी 2,500 दिले.

हँडलवरचा हादरा तेवढाच आहे, पण टाकीवर हात ठेवला तर आधी मुंग्या यायच्या त्या आता येत नाहीत. पट्ट्यानंतर पुन्हा त्याच घाटातून, त्याच वळणरस्त्यांवरून गेलोय. टॉर्च घालून आतून, बाहेरून बघतो, नवीन चीर नाही. कोणी अशी टाकी करून घेणार असाल तर पत्रा कुठला, पॉलिश किती, हे नंतर विचारा. पहिला प्रश्न हा विचारा, की टाकी चेसीवर बसणार कशी. "बोल्टनं" असं उत्तर आलं तर ॲडव्हान्स देऊ नका.

कागदांचं थोडक्यात. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात हवी आणि रोज चालवता येत नाही. मला चालवायची आहे, त्यामुळे तो रस्ता माझा नाही. गाडीतल्या बदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि त्यावरचा 2019 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल बघता आरसीत लिहिलेलं काही बदलायचं नाही असं ठरवलं: चेसी, इंजिन, आणि सीटही दोघांची. एकट्याची सीट दिसायला छान, पण आरसीत आसनं दोन आहेत, आणि कलम 182अ प्रमाणे दंड दर बदलामागे 5,000 आहे. मूळ टाकी आणि मडगार्ड तेल लावून माळ्यावर ठेवलेत, कुणी मागितले तरी विकायचे नाहीत.

पॉलिशचं काम मात्र जिवावर येतं. पावसात भिजली की दोन दिवसांत पांढुरके डाग. चांगलं पॉलिश महाग, आणि हाताला वेळ लागतो. मडगार्डचं पॉलिश मी आता सोडून दिलंय, ती मळकी झाली तरी मजबूत आहेत. टाकी मात्र दर रविवारी पुसतो. मागच्या मडगार्डचे दोन स्टे (आधाराच्या दांड्या) अजून टाकीच्या जुन्या ब्रॅकेटसारखेच वेल्डनं चिकटवलेले आहेत, त्यांच्यासाठी मिस्त्रींनी मला दिवाळीनंतर बोलावलंय. तिथंही रबर आणि रिव्हेटच घालून घेणार आहे.