व्हिडिओंवरून इंग्रजी ऐकायला शिकतेय, काही महिन्यांनंतरचा अनुभव (आणि सबटायटलबद्दल बरंच काही)

परवा ऑफिसच्या कॉलवर समोरचा माणूस भराभर बोलत होता, स्क्रीनवर एक अक्षर नाही आणि मला सगळं कळत गेलं! इतका आनंद झाला की म्हटलं आता लिहायचंच. चॅनल कुठले बघायचे ते सगळ्यांना माहितीये, मला बोलायचंय ते सबटायटलबद्दल.

इंग्रजी सबटायटल चालू असले ना की आपण ऐकतच नाही, वाचतो. डोळे कानांच्या पुढे पळतात आणि वाटतं ऐकून कळलं. ऑटो कॅप्शन तर त्याहून वाईट, नावं चुकतात, भलतेच शब्द येतात, पण लिहिलेलं दिसलं की आपण कान सोडून त्याच्यावरच विश्वास ठेवतो, याचा मला अजून राग येतो.

म्हणून सुरुवातीला मी ते पूर्ण बंदच ठेवले. आता मत थोडं बदललंय. दोन-तीनदा ऐकून एखादा तुकडा लागला नाही तर पुढे कितीही ऐका, लागत नाही, कारण बोलताना शब्द एकमेकांत मिसळतात. 'डिड यू'चं 'डिजू' होतं, 'वॉन्ट टू'चं 'वॉना', आणि 'कॅन' इतकं हलकं बोलतात की 'कान्ट'शी गल्लत होऊन अर्थच उलटा होतो. तेवढ्यापुरते सबटायटल लावायचे, बघायचं, लगेच बंद, आणि तोच तुकडा परत ऐकायचा. कॉम्प्युटरवर यूट्यूबला 'सी' दाबलं की सबटायटल चालू-बंद, 'जे' दाबलं की १० सेकंद मागे. या दोन बटणांनी मला जे दिलं ते आधी पैसे भरून केलेल्या कोर्सने दिलं नाही, तिथे तर सगळे व्हिडिओ सबटायटलसकटच होते!

स्पीड ०.७५ करून फार फरक पडत नाही, चिकटलेले शब्द सावकाश चिकटलेलेच ऐकू येतात. अगदी नवीन असाल तर मुळातच सावकाश बोललेलं घ्या. व्हीओएने (अमेरिकेचं 'व्हॉइस ऑफ अमेरिका' रेडिओ) १९५९ मध्ये स्पेशल इंग्लिश सुरू केलं ते त्यासाठीच, साधारण १५०० शब्दांत बातम्या. पुढे बीबीसीचं '६ मिनिट इंग्लिश', ट्रान्सक्रिप्टही मिळते. मग एकच बोलणारा धरून त्याचेच व्हिडिओ ऐकायचे, आवाजाची सवय झाली की बरंच सोपं जातं.

एक मात्र आहे, व्हिडिओत चेहरा आणि हातवारे मदत करतात, फोनवर ते नसतात. म्हणून मी आधी स्क्रीन न बघता ऐकते, मगच बघते. स्कॉटिश उच्चार अजूनही जड जातात, तिथे सबटायटल सुटलेले नाहीत.