घोट्याला बांधायचं मशीन : सात महिन्यांचा अनुभव

माझं वय 69, राहणार सांगली, शाळेतून निवृत्त. हे सगळं उघड लिहितेय, कारण न बोलण्यात माझी चार वर्षं गेली.

त्रास असा, की लघवी लागली की धरवत नाही. बाहेरून येऊन कुलपात किल्ली घातली की दार उघडेपर्यंत कपड्यात व्हायचं. नळाचा आवाज ऐकला तरी तेच. रात्री चार वेळा उठणं. भजनाला जाणं सोडलं, एसटीचा प्रवास सोडला, लग्नाला गेलेच तर आधी बाथरूम कुठे आहे ते बघून ठेवायचं. शेवटी सुनेनंच विचारलं, "आई, पॅड मीच आणून देत जाऊ का?" त्या दिवशी दोघी बराच वेळ रडलो आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो.

लघवीची तपासणी, साखर, आणि लघवी करून आल्यावर आत किती उरते त्याची सोनोग्राफी झाली. गोळी सुरू केली, पण तोंड इतकं कोरडं पडायचं की भाकरीचा घास गिळेना, शिवाय बद्धकोष्ठ. मग फिजिओथेरपीच्या मॅडमनी हे मशीन सुचवलं.

घोट्याच्या आतल्या बाजूनं टिबियल नावाची नस जाते. ती कण्याच्या खालच्या ज्या भागातून निघते, तिथूनच मूत्राशयाच्याही नसा निघतात. म्हणून पायाला दिलेला सौम्य करंट मूत्राशयाची अवेळी होणारी ओढ शांत करू शकतो. यातली जुनी पद्धत सुईची. दवाखान्यात जाऊन आठवड्यातून एकदा अर्धा तास, असे बारा आठवडे. अमेरिकेत तिला 2000 साली मान्यता मिळाली. माझ्या मशीनला सुई नाही. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, पायाला बांधायचा पट्टा आणि दोन चिकट जेल पॅड.

पहिले तीन आठवडे काहीच फरक नव्हता, आणि चूक जागेची होती. विकणाऱ्यानं दिलेल्या कागदावरचं चित्र इतकं मोघम होतं, की मी पॅड घोट्याच्या हाडावरच लावत होते. नुसती चुरचुर व्हायची. मॅडमनी माझा पाय मांडीवर घेतला, हाडाच्या वर चार बोटं मोजली, तिथून जरा मागे पॅड दाबलं आणि करंट हळूहळू वाढवला. तळव्यात मुंग्या आल्या आणि अंगठा आपोआप खाली वाकला. "काकू, हा अंगठा हलला की समजायचं, नस सापडली." तेवढं एक वाक्य त्या कागदावर हवं होतं. विकताना "सगळ्या प्रकारच्या गळतीवर चालतं" असंही सांगितलं होतं, ते तर साफ चूक. माझ्या शेजारणीला खोकताना-शिंकताना थेंब जातात, तिला मॅडमनी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम दिले. पेसमेकर असेल तर हे मशीन लावायचंच नाही.

आणखी एक गोष्ट माझी मलाच कळली. रात्री तळपायाला खोबरेल लावायची सवय, त्यामुळे पॅड चिकटेनात. आता पाय साबणानं धुऊन, कोरडे पुसून मगच बांधते. रोज संध्याकाळी अर्धा तास, बातम्या लागतात तेव्हा.

वहीत रोज नोंद ठेवली. सहाव्या आठवड्यापासून आकडे बदलू लागले. आता रात्री एकदा, कधी दोनदा उठते. दिवसाला लघवीसाठीचे तीन पॅड लागायचे, आता बाहेर जाताना एकच, तोही बहुतेक कोराच परत येतो. पूर्ण बरं झालेलं नाही. थंडीत घाई अजून होते. दिवाळीत पाहुण्यांच्या गडबडीत दोन आठवडे मशीन लावलं नाही, तर त्रास हळूहळू परत येऊ लागला. संध्याकाळचा दुसरा चहाही मी बंद केलाय, त्याचाही वाटा असणार.

फरक सगळ्यांना पडतोच असं नाही. ब्रिटनमध्ये 37 वृद्धनिवासांतल्या 408 जणांवर याच पद्धतीची मोठी चाचणी झाली, निकाल 2021 साली आला. खरा करंट आणि नुसता दाखवण्यापुरता खोटा करंट यांत काही फरक दिसला नाही. मॅडमनी हे मशीन घेण्याआधीच सांगितलं होतं, ते मला फार आवडलं. ती माणसं माझ्यापेक्षा खूप थकलेली, बऱ्याच जणांना स्मृतिभ्रंश. म्हणून घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर पैसे घालण्याआधी डॉक्टरांशी नीट बोला.

मी मात्र वापरत राहणार. मागच्या महिन्यात चार वर्षांनी एसटीनं पुण्याला बहिणीकडे गेले. सकाळी निघताना पोटभर पाणी प्यायले, खिडकीची जागा धरली आणि साताऱ्याला गाडी थांबली तेव्हाच उठले.