लॅमिनेटेड की अख्ख्या यूचं? दोन लाँगबो आणि एक कोपर

दोन्ही धनुष्यांच्या पोटावर (खेचताना आपल्याकडे असते ती बाजू, पलीकडची ती पाठ), मुठीच्या जरा वर, शाईने एकच मजकूर आहे: ४५ पौंड, २८ इंचांवर. म्हणजे २८ इंच खेचायला ४५ पौंडांचा जोर लागतो. दोन्ही हाताने घडवलेली, दोन्ही इंग्लिश धाटणीची लांब, साधी धनुष्यं, म्हणजे लाँगबो. आधी एक घेतलं, वर्षभर मारलं, आणि मग दुसरं घेतलं. घरच्यांनी विचारलं, "एक होतं ना?" त्यांना जे सांगता आलं नाही ते इथे लिहितोय. तुम्ही तिरंदाजी क्लबचं उसनं धनुष्य परत करून स्वतःचं घ्यायच्या बेतात असाल, तर निदान दोनदा पैसे घालायची वेळ येऊ नये.

पहिलं लॅमिनेटेड, म्हणजे वेगवेगळ्या लाकडांचे थर चिकटवलेलं. पाठीला हिकरी, मध्ये पर्पलहार्ट, पोटाला लेमनवुड. या लेमनवुडचा लिंबाशी काही संबंध नाही, ते क्यूबाकडचं, कॉफीच्या कुळातलं झाड. आणि धनुष्याच्या मुठीच्या वर-खालच्या दोन वाकणाऱ्या भुजांना इथे लिंब म्हणतात, तेव्हा आमच्या घरी या विषयावर फार काळ गंभीर राहता येत नाही. दुसरं अख्ख्या यूचं (यू हे युरोपातलं एक सदाहरित झाड), म्हणजे एकाच लाकडाचं, सेल्फ बो. पाठीला खोडाचं बाहेरचं पांढरट लाकूड, पोटाला आतलं तांबूस. पांढरं ताण सोसतं, तांबूस दाब सोसतं, आणि गोंद न लावता निसर्गानेच दोन थर चिकटवून दिलेत. माझं दोन तुकड्यांचं आहे, मुठीत सांधलेलं, पण एकाच झाडाचं असल्यामुळे बोयर, म्हणजे धनुष्य घडवणारे, त्यालाही सेल्फच म्हणतात.

सुरुवात त्या शाईच्या आकड्यापासून करू, कारण सगळे तिथेच फसतात. २८ इंचांवर ४५ पौंड हे २८ इंच खेचणाऱ्याचं. मी साडेसव्वीस खेचतो. लाँगबोत शेवटच्या टप्प्याला इंचामागे दोन-अडीच पौंडांचा फरक पडतो, म्हणजे माझ्या हातात ही दोन्ही धनुष्यं एक्केचाळीसच्या आसपासची. ऑर्डर देताना आपला इंच सांगायचा आणि वजन, म्हणजे खेचायला लागणारा जोर, त्या इंचावर मागायचं. आणि मोजमाप बाणाच्या खाचेपासून धनुष्याच्या पाठीपर्यंत धरलंय की पोटापर्यंत, हेही विचारून घ्यायचं. मी पहिल्या वेळी यातलं काहीच विचारलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी मात्र काटा घेऊन गेलो. भारतात जाताना बॅगा तोलायचा जो हुकाचा काटा परदेशातल्या प्रत्येक मराठी घरात असतो, तोच. पंचेचाळीस पौंड म्हणजे साधारण वीस किलो, विमान कंपनीच्या तेवीस किलोंच्या आतच. बोयरला आधी विचारा. बहुतेकांकडे भिंतीवर टिलर करायची, म्हणजे धनुष्याचा बाक बघून घडवायची, खुंटी असते, तिथे धनुष्य आडवं अडकवून हळूहळू खेचता येतं. एकाने खेचायचं, दुसऱ्याने टेप धरून इंचाइंचाला आकडा लिहायचा. शेवटचे तीन-चार इंच बघा. वाढ सारखी असेल तर ठीक. शेवटच्या इंचाला आकडा एकदम उडी मारत असेल तर धनुष्य स्टॅक होतंय, आणि नेमकं जिथे तुम्हाला थांबून नेम धरायचाय तिथेच ते तुम्हाला ढकलून देणार.

माझ्या दोघांतही स्टॅक नाही. साडेसव्वीस इंचांवर लॅमिनेटेड १८.६ किलो, यू १८.७. फरक दिसला तो सुरुवातीला. चौदा इंचांवर लॅमिनेटेड आठ किलोंपर्यंत गेलं होतं, यू कसंबसं सात. कारण उघड आहे. दोरी काढल्यावर लॅमिनेटेड जवळजवळ सरळ राहतं. यू मात्र दीडेक इंच दोरीकडे वाकलेलंच राहतं, ज्याला स्ट्रिंग फॉलो म्हणतात. वाकलेलं धनुष्य सुरुवातीला ढिलं असतं. शेवटचा आकडा एकच असला तरी वाटेत साठलेली शक्ती लॅमिनेटेडमध्ये जास्त. कागदावर निकाल इथेच लागला असता.

मैदानावरही सुरुवातीला तसंच वाटलं. माझ्याकडे क्रोनोग्राफ (बाणाचा वेग मोजायचं यंत्र) नाही आणि खरं सांगायचं तर त्याची गरजही वाटली नाही, कारण शंभर यार्ड आहेत. यॉर्क राउंड या स्पर्धाप्रकारात शंभरवर सहा डझन बाण मारायचे, ऐंशीवर चार डझन, साठवर दोन. शंभरला बाणाचं टोक लक्ष्याच्या वर कुठेतरी ठेवावं लागतं. ते किती वर, हाच माझा क्रोनोग्राफ. त्याच बाणांनी, त्याच दुपारी लॅमिनेटेडवर टोक लक्ष्याच्या किंचित वर ठेवून बाण पोचत होते. यूवर मागच्या कुंपणाच्या वरच्या कडेपर्यंत न्यावं लागत होतं. म्हणजे पल्ला लॅमिनेटेडचा जास्त. थोडाच, पण जास्त.

टिलरबद्दल थोडक्यात. दोरी लावलेलं धनुष्य हातभर लांब धरून साध्या भिंतीसमोर बघा. दोन्ही लिंबांचा बाक एका सुरात हवा, खालचं किंचित ताठ असलं तर चालतं. एखाद्या ठिकाणी बिजागरीसारखं मोडल्यागत वाकत असेल तर तिथेच ते एक दिवस जाणार. पोटावरून उजेडात नख फिरवा. आडव्या, केसासारख्या बारीक रेषा म्हणजे लाकूड दाबाखाली चुरगळलंय. यूच्या पाठीवर गाठी दिसल्या तर घाबरू नका, मात्र त्या गाठींभोवती लाकूड जरा उंच ठेवलंय का ते बघा. गाठी रंध्याने सपाट करून चकचकीत केलेलं यू मी घेणार नाही.

आता त्या एका त्रासाकडे येतो, ज्यासाठी एवढं लिहायला बसलो.

बाण सुटतो त्या क्षणी डाव्या हाताला जो दणका बसतो त्याला इथे हँड शॉक म्हणतात. लॅमिनेटेडचा दणका पहिल्या डझनात जाणवलाही नव्हता, उलट 'काय जोर आहे' असं वाटलं होतं. तिसऱ्या डझनाला मनगट बोलायला लागलं, सहाव्याला कोपर. रात्री चहाचा कप उचलताना हात थरथरला तेव्हा बायकोने फक्त बघितलं, बोलली काही नाही.

पण दुखणं हा खरा त्रास नव्हे. दणका येणार हे शरीराला कळलं की शरीर आधीच तयारी करतं. महिन्याभरात मी बाण सोडायच्या आधी मूठ घट्ट आवळायला लागलो. मूठ आवळली की धनुष्य वळतं, बाण डावीकडे जातो. मग मी बाणांचे स्पाइन (ताठपणा) बदलले, दोरी बदलली, ब्रेस हाइट (मूठ आणि दोरी यांतलं अंतर) पाव-पाव इंचाने वरखाली करून पाहिली. इंग्लिश परंपरेत मूठ ठेवून अंगठा ताठ केला की होते ती उंची, तीही करून पाहिली. क्लबमधल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मागे उभं राहून दहा बाण बघितले आणि म्हणाले, तू धनुष्याला घाबरतोस.

दणका येतो कुठून? खेचताना साठवलेली शक्ती सगळी बाणात जात नाही. लिंबही वेगाने पुढे येतात, दोरी ताणली की थांबतात, आणि त्यांच्यात उरलेलं सगळं तुमच्या मुठीत रिकामं होतं. लिंब जड, त्यातही टोकाकडे जड, तर उरलेलं जास्त. मुठीजवळचं लाकूड जेमतेम हलतं, टोकं सर्वांत लांब आणि सर्वांत जोरात धावतात. त्यामुळे टोकाला दहा ग्रॅम कमी करणं आणि मुठीजवळ दहा ग्रॅम कमी करणं यांत जमीनअस्मानाचा फरक. हिकरी, पर्पलहार्ट, लेमनवुड तिन्ही यूपेक्षा जड. त्यात माझ्या पहिल्या धनुष्याची टोकं जाड ठेवलेली आणि वर शिंगाचे भलेमोठे, कोरीव नॉक, म्हणजे दोरी अडकवायच्या टोप्या. दिसायला देखणे. विकत घेताना मी त्यांच्यावरच भाळलो होतो.

म्हणजे काट्यावर लॅमिनेटेडने जी जादा शक्ती दाखवली, तिचा थोडा भाग शंभर यार्डांवर गेला आणि बराचसा माझ्या कोपरात. हे मी मोजलेलं नाही, कोपराच्या सांगण्यावरून म्हणतोय. पण धनुष्याचं काम जोखायला कोपरासारखं दुसरं प्रामाणिक उपकरण मला अजून सापडलेलं नाही.

जड बाण लावून पाहिले. दणका कमी झाला, कारण जड बाण जास्त शक्ती घेऊन जातो. पण मग शंभरवर टोक कुंपणाच्याही वर ठेवावं लागायला लागलं. लॅमिनेटेडचा जो एक फायदा होता तोच गेला. नंतर बोयरकडे नेऊन नॉक छोटे करून घेतले, टोकं घासून घेतली. तक्रार न करता त्याने केलं, आणि फरकही पडला, निम्म्याने म्हणेन. उरलेला निम्मा मात्र राहिलाच.

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या संग्रहालयात मेरी रोझ या जुन्या युद्धनौकेवरची धनुष्यं पाहिली तेव्हा नजर आपोआप टोकांकडे गेली. १५४५ मध्ये बुडालेलं, १९८२ मध्ये वर काढलेलं जहाज. त्यातून शंभराहून अधिक अख्खी धनुष्यं निघाली, सगळी यूची, आणि त्यांची वजनं शंभर पौंडांच्या पुढची मानतात. म्हणजे आपल्यासारख्याने दोरीसुद्धा लावू नये अशी. शिंगाचे जवळजवळ सगळे नॉक पाण्यात कुजून गेले, पण ते बसवले होते तिथे टोकाचं लाकूड फिकट राहिलंय, त्यावरून त्यांचा आकार कळतो. एवढी राक्षसी धनुष्यं आणि टोकं बारीक. शोभेची हौस दिसत नाही. अंगावर हत्यारांच्या खुणा तशाच आहेत, गाठी तशाच आहेत.

एवढं वाचून 'लॅमिनेटेड वाईट' असा निष्कर्ष काढाल तर तो अन्याय होईल. क्लबात एकाकडे बांबूच्या पाठीचं लॅमिनेटेड आहे, ते लोण्यासारखं सुटतं. (आपला तीरकामठा शेवटी बांबूचाच, तेव्हा त्याची बाजू घ्यायला मला मनापासून आवडलं असतं.) शिवाय लॅमिनेटेडला दोन गोष्टी यूपेक्षा खरोखर चांगल्या जमतात. एक म्हणजे हवामान. उन्हाळ्यातल्या एखाद्या तापलेल्या दुपारी माझं यू दोन-तीन पौंड ढिलं पडतं, शंभरवरचं सकाळचं टोक दुपारी चालत नाही. लॅमिनेटेडला ते फारसं कळतही नाही. दुसरी किंमत. पौंड इथे दोन प्रकारचे, आणि यूच्या बाबतीत खिशातले पौंड हातातल्या पौंडांच्या दहापट असू शकतात. मला यू लॅमिनेटेडच्या दुपटीहून जास्त पडलं, वर पाच महिने थांबावं लागलं. चांगल्या यूची ही टंचाई आजची नाही. १४७२ मध्ये इंग्लंडने कायदाच केला होता, की बाहेरून माल घेऊन येणाऱ्या जहाजाने दर टनामागे धनुष्याची चार लाकडंही आणलीच पाहिजेत. आमच्या बोयरला अजून तसा कायदा हवाय.

यूची कुरकूरही आहे. गोदामातून काढल्यासारखं उचलून लगेच पूर्ण खेचता येत नाही, आधी अर्ध्यापर्यंत, मग पाऊणपर्यंत असं पाच-सहा वेळा खेचून जागं करावं लागतं. दोन बाणांच्या फेऱ्यांमध्ये गप्पा लांबल्या तर दोरी काढून ठेवावी लागते. आणि पहिल्या मोसमात त्याने दीडेक पौंड वजन गमावलं, ते बोयरने आधीच सांगितलं होतं.

पण बारा डझनांनंतर हात तोच राहतो. सोडल्यावर एक हलकी थाप जाणवते, कुणी पाठीवर हात ठेवावा तशी, आणि मग काहीच नाही. मूठ सैल ठेवायला मला कुणी शिकवावं लागलं नाही, ती आपोआप सैल झाली. बाण डावीकडे जायचे थांबले. गुण वाढले का? वाढले, पण तेवढ्यात मी सरावही वाढवला होता, तेव्हा त्याचं श्रेय यूलाच देणं बरोबर नाही. निम्मं देतो.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा दोन गोष्टी करा. स्वतःचे बाण घेऊन जा. बोयरकडचे जड बाण वापरले तर प्रत्येक धनुष्य गोड वाटेल. माझ्यासारख्याला धनुष्याच्या पौंडामागे दहा ग्रेनच्या (बाणाच्या वजनाचं माप) आसपासचे बाण पुरतात. आणि सहा बाण मारून परत देऊ नका. निदान तीन डझन मारायची परवानगी मागा, मूठ मुद्दाम ढिली ठेवा, आणि दुसऱ्या डझनानंतर ती आपणहून आवळली जातेय का यावर लक्ष ठेवा. जो बोयर याला नाही म्हणेल, त्याचा चहा पिऊन घरी या.

माझं लॅमिनेटेड अजून आहे, भिंतीवर दोन खुंट्यांवर. मागच्या महिन्यात पुण्याहून मामेभाऊ आला होता, त्याने मैदानावर तेच मागितलं, कोरलेल्या नॉकांमुळेच. सहा बाण मारले आणि म्हणाला, "दादा, हे एवढं झकास असताना दुसरं कशाला घेतलंस?"

म्हटलं, डबा खाऊन घे, मग अजून तीन डझन मार.