एप्सन व्ही६०० आणि शेजाऱ्यांच्या खोक्यातल्या हॉट रॉड

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईतले लोक मोकळे. तुमच्याकडे जुन्या बॉक्स कॅमेऱ्याच्या मोठ्या निगेटिव्ह असतील तर एप्सन पर्फेक्शन व्ही६०० हा स्कॅनर बिनधास्त घ्या. सगळ्याच निगेटिव्ह ३५ मिलिमीटरच्या असतील तर हा तुमच्यासाठी नाही. आणि नुसते कागदी फोटोच असतील तर याच्या निम्म्या पैशात काम होईल, उगाच हौस करू नका.

आता हे मी कुठल्या अधिकाराने सांगते? सांगलीत आमच्या अण्णांचा फोटो स्टुडिओ होता. निगेटिव्ह उजेडाला धरून कुठली बाजू वरची, कुठली पुन्हा धुवायला हवी, हे मला पाढ्यांच्या आधी आलं. लग्नानंतर अमेरिकेत आले, आता पोमोनाच्या जवळ राहते, लॉस एंजेलिसच्या पूर्वेला. गाड्यांमधलं मला फारसं कळत नव्हतं. पण या भागात राहून ते टाळता येत नाही. पोमोनाच्या फेअरप्लेक्स मैदानावर जुन्या गाड्यांचा बाजार भरतो, तिथंच ड्रॅग रेसिंगवाल्यांचं, म्हणजे सरळ पट्ट्यावर गाड्या पळवणाऱ्यांचं संग्रहालयही आहे, त्यांच्या संघटनेचे संस्थापक वॉली पार्क्स यांच्या नावाचं. शिवाय आमच्या शेजारी एक नव्वदीला टेकलेले गृहस्थ राहतात. त्यांच्या थोरल्या भावाने तरुणपणी, म्हणजे दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या चारपाच वर्षांत, मोहावी वाळवंटातल्या एल मिराज या कोरड्या तलावावर जाऊन गाड्यांचे फोटो काढले होते. बुटांच्या खोक्यात निगेटिव्ह, त्यावर रबर बँड, आणि तो रबर बँड वितळून पाकिटाला चिकटलेला.

हॉट रॉड म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. फोर्डने १९३२ साली सर्वसामान्यांना परवडेल अशा गाडीत व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं, २२१ घनइंचांचं, ६५ हॉर्सपॉवरचं. काही वर्षांनी त्याच गाड्या जुन्या बाजारात किरकोळ भावात मिळू लागल्या. पोरांनी त्या घेतल्या, मडगार्ड काढून फेकले, इंजिनवर जास्तीचे कार्ब्युरेटर चढवले आणि वाळवंटातल्या सपाट तलावांवर वेग मोजायला नेल्या. मुरॉक हा त्यातला पहिला नावाजलेला तलाव. तो पुढे लष्कराकडे गेला, आज तिथं एडवर्ड्स हवाई तळ आहे. मग एल मिराज. १९३७ मध्ये अशा पोरांच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली, ती आजही एल मिराजवर वेग मोजते. कस्टम गाडी हा वेगळा पंथ. तिथं वेगाला महत्त्व नाही, दिसण्याला आहे. छप्पर कापून ठेंगणं करायचं, सांध्यांत शिसं भरून घासायचं, चकचकीत मुठी आणि पट्ट्या काढून अंग गुळगुळीत करायचं.

या पोरांकडे लायकासारखा महागडा कॅमेरा नव्हता. होता तो घरातला कोडॅक ब्राउनी किंवा घडीचा कॅमेरा, ६२० नाहीतर ६१६ नंबरच्या फिल्मचा. ६२० वर साधारण ६ बाय ९ सेंटिमीटरची निगेटिव्ह मिळते. ६१६ वर त्याहूनही मोठी, अडीच बाय सव्वाचार इंचांची. म्हणजे लेन्स गरिबाची, पण निगेटिव्ह श्रीमंताची. या स्कॅनरचं सगळं गणित इथं आहे.

स्कॅनरच्या खोक्यावर ६४०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६४०० ठिपके, असं छापलंय. त्यावर जाऊ नका. काचेवर ठेवून स्कॅन करणाऱ्या कुठल्याही यंत्राचा छापील आकडा आणि प्रत्यक्ष दिसणारा तपशील यांत फरक असतो. या मॉडेलची जी स्वतंत्र मोजमापं झाली आहेत ती दीड हजाराच्या आसपास येतात. दीड हजार धरून हिशेब करा. ३५ मिलिमीटरच्या फ्रेममधून जेमतेम ३ मेगापिक्सेल हाती येतात, फोनवर पाहायला ठीक. पण ६ बाय ९ च्या निगेटिव्हमधून तोच स्कॅनर १६ मेगापिक्सेल काढतो. ब्राउनीच्या साध्या लेन्सने त्याहून जास्त तपशील मुळात टिपलेलाच नसतो. मग हजार डॉलरचं यंत्र घेऊन कुणाला दाखवायचं?

मी २४०० डीपीआय, १६ बिट ग्रेस्केल, टिफ (तपशील न गमावता साठवणारी फाइल) अशी मांडणी ठेवते. ६ बाय ९ ची एक फाइल ८५ एमबीच्या आत बसते. एका फोटोत पांढरी शर्टं घातलेले चौघे एका रोडस्टरच्या, म्हणजे उघड्या दोन आसनी गाडीच्या मागे उभे आहेत, आणि बंपरवरून एक ओतीव ॲल्युमिनियमची पाटी लोंबते आहे. मूळ कागदी फोटो निगेटिव्हच्याच आकाराचा, कारण तेव्हा निगेटिव्ह कागदावर थेट टेकवून छापत. त्यात ती पाटी म्हणजे करडा ठिपका. स्कॅनमध्ये मोठं करून पाहिलं तर वाचता येतं, ‘रोड रनर्स’. टायमिंग असोसिएशनच्या अगदी सुरुवातीच्या क्लबांपैकी तो एक, वॉली पार्क्स त्यातलेच. शेजाऱ्यांना हे माहीतच नव्हतं. भाऊ कुठल्या क्लबच्या पोरांबरोबर फिरायचा, हे त्यांना इतक्या वर्षांनी त्या पाटीवरून कळलं. दारावरचा रंगवलेला नंबर दिसला तर आणखी सोपं. त्या काळच्या शर्यतींच्या कार्यक्रमपत्रिका जुन्या बाजारात मिळतात, नंबरावरून नाव लागतं.

आता होल्डरची भानगड. व्ही६०० बरोबर प्लॅस्टिकचे होल्डर, म्हणजे फिल्म धरून ठेवणाऱ्या चौकटी येतात. ३५ मिलिमीटरच्या पट्ट्या, माउंट केलेल्या ४ स्लाइड, आणि १२० ची फिल्म. ६२० म्हणजे १२० चीच फिल्म वेगळ्या रिळावर, त्यामुळे ती बिनबोभाट बसते. ६१६ ची फिल्म मात्र ७० मिलिमीटर रुंद आहे आणि झाकणातल्या दिव्याची खिडकी ६८.६ मिलिमीटरची. ऐकून निराश व्हाल, पण फिल्मवरचं चित्र ६३.५ मिलिमीटर रुंद असतं, म्हणजे ते पूर्ण येतं, फक्त होल्डर आपला आपण करायचा. मी काळ्या माउंट बोर्डाचा कापला. दोन गोष्टी सांभाळा. मूळ होल्डरच्या वरच्या टोकाला एक मोकळी खाच असते, तिथून यंत्र आपला दिवा तपासून घेतं. ती जागा पुठ्ठ्याने झाकली तर चित्रावर उभ्या रेघा येतील. दुसरं, फिल्म काचेला टेकू देऊ नका, नाहीतर तेलाच्या तवंगासारखी वर्तुळं उमटतात. सॉफ्टवेअरमधली आपोआप फ्रेम शोधण्याची सोय बंद करा, घरगुती होल्डरपुढे तिची मती गुंग होते. आणि झाकणातली पांढरी गादी काढायला विसरू नका, तिच्यामागे दिवा आहे.

धूळ काढून टाकणारी ‘डिजिटल आइस’ नावाची सोय या स्कॅनरात आहे आणि जाहिरातीत तिचा बराच गाजावाजा आहे. कृष्णधवल निगेटिव्हवर ती चालत नाही. कारण साधं आहे. ती अवरक्त किरण सोडते. रंगीत फिल्ममधले रंग त्या किरणांना आरपार जाऊ देतात, धूळ अडवते, म्हणून धूळ कुठे आहे ते कळतं. कृष्णधवल फिल्ममध्ये चित्रच चांदीच्या कणांचं, आणि चांदीही किरण अडवते. यंत्राला मग अख्खी गाडीच धूळ वाटते. कोडाक्रोम या कोडॅकच्या रंगीत फिल्मच्या स्लाइडवरही तिचा भरवसा नाही. तेव्हा रबरी पंप आणि मऊ ब्रश. अण्णा उंटाच्या केसांचा ब्रश म्हणायचे, तो कुठल्या प्राण्याच्या केसांचा होता देव जाणे.

एक गोष्ट कुठल्याच परीक्षणात मी वाचली नाही, आणि ती सगळ्यात महत्त्वाची. कोडॅकने ६१६ आणि ६२० च्या रोल फिल्म १९५० पर्यंत नायट्रेटवर बनवल्या. नायट्रेट म्हणजे चटकन पेट घेणारं द्रव्य, ते कुजलं की चिकट, पिवळं, उग्र वासाचं होतं. म्हणजे हॉट रॉडच्या ऐन बहराच्या काळातल्या घरगुती निगेटिव्ह नेमक्या या टप्प्यात येतात. फिल्मच्या कडेवर ‘सेफ्टी’ छापलेलं दिसलं तर ती नायट्रेट नव्हे. नसेल तर जपून. गॅरेजमध्ये, गाडीच्या डिकीत, हवाबंद डब्यात ठेवू नका. इथं उन्हाळ्यात गॅरेजमध्ये पापड भाजतील. व्ही६०० चा दिवा एलईडीचा आहे, तापत नाही, आणि या कामासाठी मला ते त्याच्या आकड्यांपेक्षा मोलाचं वाटतं. सेफ्टी फिल्म अमर आहे असंही नाही. ती ॲसिटेटची, सडली की व्हिनेगरचा वास येतो आणि चुण्या पडतात. वास आलेल्या पट्ट्या आधी स्कॅन करा आणि बाकीच्यांपासून वेगळ्या ठेवा.

रंगीत स्लाइड थोड्या आहेत. एकीत छप्पर कापलेली मर्क्युरी आहे, आणि शेजाऱ्यांच्या नातवाला ती हिरोहाता मर्क असल्याची खात्रीच होती. ती गाडी जॉर्ज आणि सॅम बॅरिस या भावांनी १९५२ मध्ये १९५१ च्या मर्क्युरीपासून घडवली, कस्टमवाल्यांचं ते दैवतच. पण तिच्या दोन खिडक्यांमधला खांब काढून टाकलेला होता, आणि आमच्या स्लाइडमध्ये तो खांब ठळक दिसतो. नातवाचं तोंड पडलं. मला विचाराल तर कुणा अनोळखी पोराने स्वतःच्या अंगणात कापलेली मर्क्युरी जास्त मोलाची, प्रसिद्ध गाडीचे फोटो पैशाला पासरी आहेत. कोडाक्रोमचे रंग अंधारात ठेवले तर टिकतात, तशा जपलेल्या स्लाइड आजही ताज्या आहेत. कोडॅकच्याच दुसऱ्या रंगीत फिल्मच्या, एक्टाक्रोमच्या सुरुवातीच्या स्लाइड लालसर झाल्यात. सॉफ्टवेअरमध्ये रंग परत आणण्याचं बटण आहे, पण मूळ स्कॅनवर ते दाबू नका. आधी जसं आहे तसं साठवा, मग प्रतीवर काय ती रंगरंगोटी.

या नातवाने आधी काही पाकिटं टपालाने एका स्कॅनिंग सेवेकडे पाठवली होती. नाव लिहीत नाही. परत आलं ते दाबलेलं जेपेग, कडा कापलेल्या, आभाळ पांढरंफटक. मागची बाजू कुणी पाहिलीही नव्हती. आणि मागेच तर पेन्सिलीने लिहिलेलं होतं, गाव, साल, दोन टोपणनावं, एका ठिकाणी मिळालेला वेगही. म्हणून माझा नियम, फोटोच्या दोन्ही बाजू स्कॅन करायच्या, एकाच नावाने, पुढे ‘अ’ आणि ‘ब’. कागदी फोटोला ६०० डीपीआय पुरतं, बोटाएवढ्या छापांना १२००. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढू नका. दात साफ करायचा दोरा फोटोमागून हळू सरकवत न्यावा, सुटतो. नंतर पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या. पीव्हीसीच्या मऊ, वास येणाऱ्या पिशव्या फेकून द्या. स्कॅनरसाठी ठरवलेल्या पैशातले पन्नास डॉलर पिशव्यांसाठी बाजूला काढा.

फाइली वाटताना शेजारी आधी कां कू करत होते, कुणी विकेल म्हणून. ती भीती खोटी नाही. बाजारात जुन्या फोटोंचे ढीग विकायला असतात, आणि फोटो विकत घेतला म्हणजे त्याचा हक्कही आला असं लोक समजतात. तसं नसतं, हक्क फोटो काढणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा. आम्ही शेवटी चित्रावर मोठा शिक्का मारला नाही, फाइलच्या आतल्या माहितीत भावाचं नाव, ठिकाण आणि कुटुंबाची परवानगी लिहिली. आडवा शिक्का मारला असता तर ती पाटी कुणाला वाचता आली असती? मोठ्या टिफ दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. लहान प्रती क्लबांच्या जुन्या मंडळींना मेलने. त्यातून दोन गाड्यांची ओळख पटली, तिसरीवर अजून वाद चालू आहे, तिची समोरची जाळी १९३२ ची की मागाहून लावलेली.

वेळ लागतो, हे मात्र पदरात बांधून घ्या. एका निगेटिव्हला पुसणं, बसवणं, स्कॅन, नाव देणं धरून चहा गार होतो.

ज्यांच्याकडे हॉट रॉड नाहीत त्यांनीही वाचावं म्हणून सांगते. आपल्याकडे घरोघरी जो अगफा क्लिक थ्री होता, त्याचीही फिल्म १२० चीच, ६ बाय ६ ची निगेटिव्ह. मुंज, सहल, नवी कोरी स्कूटर, सगळं त्यात आहे. ती स्कॅनरच्या मूळ होल्डरमध्ये बसते, पुठ्ठा कापायची गरज नाही.

पोमोनाच्या आसपासच्या मराठी मंडळींनी स्कॅनर विकत घेण्याआधी हवं तर माझ्याकडे येऊन वापरून पाहावा. निगेटिव्ह आणताना आधी फिल्मची कडा बघून या. ‘सेफ्टी’ नसेल तर भर उन्हात गाडीत ठेवून वाटेत देवळात थांबू नका.