सुंदरबनात मामा बघायला गेलो आणि मामा बनून आलो

मंडळी, सुंदरबनचे लोक वाघाचं नाव घेत नाहीत, मामा म्हणतात. आम्ही सहा जण पुण्याहून तो मामा बघायला गेलो आणि एका एजंटने आम्हालाच मामा बनवलं. थंडीत कोणी जायच्या विचारात असेल तर वाचून ठेवा.

बुकिंग व्हॉट्सअ‍ॅपवर केलं. दोन रात्री, एसी केबिनची पांढरी बोट, गाइड, जेवण, माणशी साडेनऊ हजार आणि वर "टायगर नाइंटी पर्सेंट". खरं तर तिथेच फोन ठेवायला हवा होता, पण फोटो इतके भारी होते की अर्धे पैसे पाठवले, तेही कंपनीच्या नाही तर कुणातरी बाईच्या नावाच्या यूपीआयवर.

कोलकात्याहून तीनेक तासांनी गोदखालीच्या धक्क्यावर पोचलो तर पांढरी बोट कुठाय, समोर डिझेलची भटभटी आणि त्यात आधीच वीस-बावीस माणसं. म्हणे ती बोट रिपेरिंगला गेलीय. पहिल्या दिवशी गोसाबा गावात हॅमिल्टनसाहेबाचा, म्हणजे तिथे वस्ती वसवणाऱ्या स्कॉटिश व्यापाऱ्याचा, बंगला दाखवला, या साहेबाने 1936 साली गावापुरती स्वतःची एक रुपयाची नोट छापली होती, त्या कागदाला तरी किंमत होती म्हणायची.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. सकाळी सातपासून बोट फिरतेय फिरतेय आणि दोन्ही काठांना घरं, तळी, केळी. दुपारी सासरे म्हणाले, "अरे इथे गाई चरतायत, कसला वाघ येणार?" विचारलं तर उत्तर, ओहोटी आहे, खाडीत बोट रुतेल. जो गाइड म्हणून माइकवर बोलत होता तोच बाराला मासे तळत होता!

संध्याकाळी पाखिरालयला चहाच्या टपरीवर दुसऱ्या बोटीतलं एक कुटुंब भेटलं, त्यांच्या गाइडने उलगडून सांगितलं. जंगलात शिरायला वनखात्याचं परमिट लागतं, त्यासाठी प्रत्येकाचं ओळखपत्र घेतात आणि बोटीवर खात्याचा नोंदणी असलेला गाइड सक्तीचा असतो. आमचं आधार कुणी मागितलंच नव्हतं! म्हणजे परमिटचे पैसे खिशात घालून आम्हाला दिवसभर गावांसमोरून फिरवलं, जंगल नदीच्या पलीकडे होतं.

रात्री भांडलो. बोनबीबी या जंगलाच्या देवीवरच्या लोकनाट्याचा खेळ कबूल केला होता, त्याऐवजी वीस मिनिटं झुमुर नाच आणि मग पैशांसाठी फिरवलेली थाळी, ते आणखी डोक्यात गेलं. शेवटी माणशी बाराशे वेगळे घेऊन तिसऱ्या दिवशी सकाळी जंगलातल्या सजनेखाली आणि सुधन्याखाली या टेहळणी मनोऱ्यांच्या जागी नेलं, परमिट आणि खरा गाइड घेऊन. वाघ नाहीच, पण ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर आपल्या कोकणातल्यासारख्या निवट्या उड्या मारत होत्या, एकच नांगी मोठी असलेले लाल खेकडे, आणि ओंडका समजून आम्ही ज्याच्यावरून नजर फिरवली ती मगर निघाली. सासूबाईंनी हात जोडले. हे सगळं आदल्या दिवशी अख्खा दिवस बघता आलं असतं हो!

तर पैसे देण्याआधी विचारा, परमिट कुणाच्या नावाने निघणार, आधार कधी पाठवायचं. तुमचं आधार नको म्हणाला की समजून जा. बोटीचा फोटो नको, त्या दिवशीचा व्हिडिओ मागा. आणि वाघाची टक्केवारी सांगणाऱ्याला तर सरळ ब्लॉकच करा.

परतावा मागितला तर "सर सीझन में अ‍ॅडजस्ट करेंगे". परवा त्याच नंबरवरून पावसाळी इलिश (हिलसा मासा) स्पेशल पॅकेजचा मेसेज आला, फोटोत तीच पांढरी बोट.